मोज्यात बसवलेले दाबाचे सेन्सर आठवड्यात बिघडतात, काय चुकतंय?

जॉबर_सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरात टेरी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. मागांची कंट्रोल कार्डं दुरुस्त करता करता इलेक्ट्रॉनिक्स हाताला लागलं, कॉलेजात शिकलेलो नाही. त्यामुळे उत्तर देताना जरा उलगडून सांगा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ७१ वर्षांचे. तीस वर्षं मागापुढे उभ्यानं काढली. साखर १८ वर्षांपासून. तळव्यांना आता काही म्हणजे काही कळत नाही. गेल्या श्रावणात सकाळी आई फरशी पुसायला बसली, तर देवघरापासून मोरीपर्यंत तांबूस ठिपके. दर दोन-तीन फुटांवर एक, रुपयाएवढा. अण्णा खुर्चीत पेपर वाचत होते. पाय उचलून बघितला तर डाव्या अंगठ्याच्या बुडाशी फोड फुटून कातडं लोंबत होतं, आणि ते मला विचारतात, "काय झालं रे?" ती जखम भरायला अडीच महिने लागले. तेव्हापासून एकच ध्यास आहे. त्यांच्या तळव्याला जे कळत नाही, ते निदान मला कळावं.

म्हणून मोजा करायला घेतला. पाच जागा धरल्या: टाच, अंगठा आणि चवड्यावर तीन. दाब ओळखायला वेलोस्टॅट घेतलं. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग कधीकधी काळ्या पिशवीत येतात ना, तसला कार्बन मिसळलेला प्लास्टिकचा पातळ कागद. वर आणि खाली वीज वाहून नेणारं कापड, मध्ये हा कागद. दाबलं की रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, उतरतो. माझ्या मीटरवर मोकळा असताना ४० किलो-ओहम, अंगठ्यानं जोरात दाबला की १ किलो-ओहम. त्याला १० किलो-ओहमचा रोधक जोडून ईएसपी३२ बोर्डावर, म्हणजे वाय-फाय असलेल्या छोट्या कंट्रोलरवर, वाचतो.

पहिल्या मोज्यात सगळ्या जोडण्या चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनच्या दोऱ्यानं शिवल्या. सुईच्या नेढ्यातून तो सारखा पिंजायचा. मग तो बॉबिनमध्ये भरला, वरून साधा दोरा घेतला, तेव्हा मशीन चाललं. टाका झिगझॅग घेतला, कारण मोजा म्हणजे फासे. पाय घातला की फासे ताणतात आणि सरळ टाका तुटतो. एवढं कापडातलं मला कळतं. पण चार धुण्यांत त्या दोऱ्याचा रोध तिपटीवर गेला.

दुसऱ्या मोज्यासाठी रेघा छापून घेतल्या. टी-शर्ट छापणाऱ्या मित्राकडे, पॉलिएस्टरच्या फिल्मवर चांदीच्या शाईनं, दोन रेघांत दीड मिलिमीटर अंतर ठेवून. फिल्म मोज्याच्या आतून तळाला चिकटवली. दोन दिवस इतकं सुंदर चाललं की आईला बोलावून मोबाइलवर दाखवलं.

आता दुखणं सांगतो. अण्णा एका जागी उभे राहिले की टाचेचा आकडा चढतच जातो, पाच मिनिटं झाली तरी थांबत नाही. वजन तर तेवढंच आहे! दुसरं, वाय-फाय चालू केलं की पाचातल्या दोन जागा मेल्यासारख्या होतात. त्या २५ आणि २६ नंबरच्या पिनांवर आहेत. आणि तिसरं सगळ्यात वाईट. सहाव्या-सातव्या दिवशी चवड्याच्या दोन जागा पूर्ण दाब दाखवायला लागल्या, मोजा दोरीवर वाळत टाकलेला असतानाही. मी पिकग्लास लावून बघितलं, टॉवेलातले धागे मोजायचं आमचं भिंग. दोन रेघांच्या मध्ये करड्या रंगाचं काहीतरी उगवलंय, नेच्याच्या पानासारखं. हे काय आहे?

कीपॅड_भोसरी

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. फरशीवरच्या ठिपक्यांपाशी दोन्ही वेळा थांबले. माझ्या सासूबाईंनाही साखर होती.

मी भोसरीला मेम्ब्रेन कीपॅडच्या युनिटमध्ये १९ वर्षं छपाई बघते. वजनकाट्यावर, पंपाच्या पॅनेलवर बोटानं दाबायची जी सपाट बटणं असतात, ती आम्ही करतो. तुम्ही जे पिकग्लासमधून बघितलंत ते मी कामाला लागले त्या पहिल्याच वर्षी बघितलं होतं. आमचे फोरमन म्हणायचे, "चांदी चालायला लागली." तेच झालंय.

दोन चांदीच्या रेघांत कायम व्होल्टेज असेल आणि मध्ये ओल आली, तर धन बाजूची चांदी विरघळून ओलीतून पलीकडे जाते आणि ऋण रेघेवर पुन्हा धातू होऊन बसते. बसते ती सरळ थरानं नाही, फांद्या फुटत, आणि त्या फांद्या धन रेघेकडे वाढत येतात. टेकल्या की शॉर्ट. मोज्यात ओल म्हणजे घाम, आणि तुम्ही ३.३ व्होल्ट दिवसभर चालू ठेवलेत. त्यात अंतर दीडच मिलिमीटर. सहा दिवस टिकलं हेच पुष्कळ.

डोळ्यांनी बघायचंय? उरलेल्या फिल्मचा तुकडा घ्या, दोन रेघांना ३.३ व्होल्ट द्या, मध्ये बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याचा एक थेंब टाका आणि पिकग्लास लावून बसा. नव्या मुलांना मी हे पहिल्या दिवशी दाखवते. त्यानंतर कुणी उघडी चांदी सोडत नाही.

आम्ही काय करतो, तर चांदीच्या रेघेवर कार्बनच्या शाईचा दुसरा थर चढवतो, रेघेपेक्षा दोन्ही अंगांनी थोडा रुंद. चांदी वीज नेते, कार्बन तिला झाकतो. कार्बन असा चालत नाही. त्यावर आणखी इन्सुलेशनचा थर, फक्त जिथं दाब लागणार ती जागा उघडी. घरात जुना कॉम्प्युटरचा कीबोर्ड पडला असेल तर खोलून बघा. आत प्लास्टिकचे तीन पापुद्रे निघतील, वरच्या-खालच्यावर छापलेल्या रेघा आणि मधल्याला भोकं. तुम्ही करताय ते त्याचंच भावंड आहे. आणि अण्णांची साखर तपासायची पट्टी, तीही बहुतेक वेळा अशीच छपाईच्या जाळीतून (स्क्रीनमधून) छापलेली असते, कार्बनच्या शाईनं. छापलेला सेन्सर तुमच्या घरात आधीच रोज वापरात आहे.

दुसरा इलाज तुमच्या प्रोग्रॅममध्ये आहे. रेघांना कायमचं व्होल्टेज देऊच नका. सामाईक रेघ ३.३ व्होल्टला न जोडता बोर्डाच्या एका आउटपुट पिनला जोडा. वाचायच्या वेळी मिलिसेकंदभर चालू, मग बंद. चालताना सेकंदाला ५० वाचनं घेतलीत तरी रेघेवर वीज वेळेच्या वीसाव्या भागापुरतीच. रोधकांची दुसरी टोकं ग्राउंडऐवजी आणखी एका पिनला दिलीत, तर एका वाचनाला वीज इकडून आणि पुढच्याला तिकडून पाठवता येईल, म्हणजे चांदीला एका दिशेनं जायला सवडच नाही.

वाय-फायचं सोपं आहे. ईएसपी३२ मध्ये व्होल्टेज मोजणारे दोन गट आहेत. २५ आणि २६ दुसऱ्या गटात येतात आणि तो गट वाय-फाय चालू असताना मिळत नाही. ३२ ते ३९ मधल्या पिना वापरा. बहुतेक बोर्डांवर त्यातल्या सहा बाहेर काढलेल्या असतात, तुम्हाला पाच लागतात. आणि १० किलो-ओहमच्या जागी ६.८ लावून बघा. ४० आणि १ यांचा गुणाकार ४०, त्याचं वर्गमूळ साधारण ६.३. रोधक त्याच्या आसपास असला की आकड्याला वर-खाली हलायला सगळ्यात जास्त जागा मिळते.

आता टाचेचा चढता आकडा. ती तुमची चूक नाही, वेलोस्टॅटचा स्वभाव आहे. दाबाखाली प्लास्टिक हळूहळू बसत जातं, आतले कार्बनचे कण आणखी जवळ येतात, कापडाशी टेकणारी जागा वाढते, आणि वजन तेच असून रोध उतरत राहतो. दाब काढला की लगेच मूळ जागी येतही नाही. म्हणून त्याच्याकडून किलो मागू नका. पाऊल टेकलं कधी, उचललं कधी, कुठल्या जागेवर जास्त वेळ भार राहिला, कालच्यापेक्षा आज भार कुठं सरकला, हे तो चांगलं सांगतो. चालताना पाऊल हवेत असतं त्या क्षणीचा आकडा दर पावलाला नव्यानं शून्य धरा. चढलेला आकडा बराचसा तिथल्या तिथं वजा होतो. मला विचाराल तर सगळ्या खटाटोपातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

थेट मोज्यावर छापायचं मनात असेल तर घाई नको. शाई फाशांच्या पोटात उतरते आणि पहिल्याच ताणाला तडकते. शाईतली चांदी म्हणजे एकमेकींवर टेकलेल्या चपट्या चकत्या. ताणलं की त्या सुटतात आणि वाट तुटते. कापडासाठी ताण सोसणारी शाई वेगळी येते. ती पॉलियुरेथेनच्या पातळ फिल्मवर नागमोडी रेघांनी छापतात आणि फिल्म गरम प्रेसनं कापडावर बसवतात, खेळाच्या जर्सीवर नंबर बसवतात तशी.

पायाची_सिस्टर_मिरज

भाऊ, वर ताईंनी लिहिलंय ते विजेचं मला कळत नाही. पण आधी तो मोजा अण्णांच्या पायातून काढा. आजच.

मी मिरजेत मधुमेहींच्या पायांच्या दवाखान्यात ड्रेसिंग करते. बधीर पायाला मोज्याची जाड शिवण पुरते. मोजा उलटा घाला असं मी पेशंटना सांगते, म्हणजे शिवण बाहेर जाते. तुम्ही तर आत पॉलिएस्टरची कापलेली फिल्म चिकटवलीय. तिची कड नखानं चाचपून बघा. अंगठ्याच्या बुडाशी ती दिवसभर घासली आणि अण्णांना कळलं नाही, तर ज्याच्यासाठी एवढा जीव काढताय तेच पुन्हा होईल. बॅटरीही पायाला बांधू नका. ती तापली तर तुम्ही-आम्ही हात झटकू, त्यांना चटका कळणारच नाही. बॅटरी आणि बोर्ड कमरेच्या पाऊचमध्ये.

तुमचा विचार मात्र अगदी योग्य वाटेवर आहे, आणि या वाटेनं एक मोठा माणूस गेलेला आहे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि कुष्ठरुग्णांचे हातपाय बघत राहिले. पाय सडतो म्हणून जखम होते असा तेव्हा समज होता. त्यांनी दाखवून दिलं की पाय बधीर असतो म्हणून जखम होते. एकदाच बसलेला मोठा मार नव्हे, मध्यम दाबच त्याच जागेवर हजारो पावलं पडत राहतो. आपल्याला दुखतं, आपण नकळत पाऊल जरा वेगळं टाकतो. त्यांना दुखत नाही. पुढे अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेल्यावर त्यांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं असे मोजे केले की ज्यात रंगाच्या अतिसूक्ष्म कुप्या होत्या. पेशंटनं ते घालून चालायचं. जिथं दाब जास्त, तिथं कुप्या फुटून निळा डाग. त्यावरचा निबंध १९६९ चा आहे. बॅटरी नाही, वायर नाही, आणि डॉक्टरला नेमकी जागा दिसायची.

तर तुमची फिल्म मोज्यातून चपलेत न्या. अण्णा एमसीआरची, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या मऊ रबराची, चप्पल घालत असतील. तिचा वरचा मऊ पापुद्रा सोडवून घ्या, फिल्म त्याच्या खाली, पुन्हा चिकटवा. आकडा थोडा पसरट येईल, जागा अचूक दिसणार नाही, पण कातड्याला काही टोचणार नाही. आणि घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. देवघरासाठी एक वेगळी चप्पल ठेवा, आम्ही सगळ्यांना सांगतो.

दाबाइतकीच उपयोगाची दुसरी गोष्ट म्हणजे ऊब. जखम व्हायच्या आधी ती जागा आतून सुजते आणि गरम होते. दोन्ही पायांच्या त्याच जागांचं तापमान ताडून बघायचं. २.२ अंश सेल्सिअस किंवा जास्त फरक आला आणि दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला, तर चालणं कमी करून डॉक्टरांना दाखवायचं. त्याला साधं दुरून मोजायचं थर्मामीटरही चालतं. मात्र रोज एकाच वेळी आणि पाच-दहा मिनिटं पाय उघडे ठेवून.

पैठणीवाला_येवला

मी येवल्याचा, पैठणी विणतो. एक भर घालतो, कारण चांदीच्या दोऱ्याचं वाचून राहवलं नाही. माझ्या मुलीनं दाखवलं होतं: १९९७ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या रेहमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी कापडातून वीज नेण्याचे प्रयोग केले, तेव्हा त्यांनी रेशमी ऑर्गंझा घेतला होता, ज्याच्या धाग्याभोवती धातूची पत्ती गुंडाळलेली असते. आणि हे कापड भारतात कितीतरी वर्षांपासून होतं, असंही त्यांनी लिहून ठेवलंय. म्हणजे आपली जरच. चांदीची तार चपटी करून रेशमाभोवती गुंडाळायची.

पण जॉबर भाऊ, दुकानातून जर आणून शिवू नका. आता मिळते ती पुष्कळशी प्लास्टिकची. तिच्यावर मी मीटर धरून बघितलाय, काही दाखवत नाही. तांब्याची जर वीज नेते, पण घामानं हिरवी पडते. खऱ्या चांदीची घेतलीत तरी ती कातड्याला खरखरते, सिस्टरांनी सांगितलेल्या कारणासाठी पायाला नकोच. चपलेपासून कमरेपर्यंतची दोरी विणायची असेल तर मात्र सांगा. रेशमात पाच खऱ्या जरीचे पदर, मध्ये सुती अंतर, अशी पट्टी मी हातमागावर काढून देतो. पैसे नकोत.

जॉबर_सोलापूर

तिघांचेही पाय धरावेसे वाटतात.

सिस्टर, मोजा त्याच रात्री काढला. फिल्मच्या कडेवरून नख फिरवलं. टाचेजवळ एक कोपरा वर आला होता, गव्हाच्या दाण्याएवढा. अण्णांच्या टाचेवर त्याच जागी लाल रेघ होती. कातडं शाबूत होतं. आई माझ्याशी दिवसभर बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

ताई, थेंबाचा प्रयोग केला. कारखान्यातल्या तिघांना घेऊन बसलो होतो. आठव्या मिनिटाला एका रेघेच्या काठावर केसासारखं काहीतरी हललं, मग त्याला फांद्या, आणि बाराव्या मिनिटाला मीटर वाजला. कुणी बोललं नाही. एकानं फक्त "परत दाखव" म्हटलं.

आता चप्पल केलीय. वरचा पापुद्रा ४ मिलिमीटरचा, खाली फिल्म. रेघांमधलं अंतर ५ मिलिमीटर केलं, पिना बदलल्या, रोधक ६.८ चा लावला, आणि वीज आळीपाळीनं दोन्हीकडून. कार्बनचा थर अजून नाही, शाई यायची आहे. वायरी चपलेच्या पट्ट्यावरून बाहेरच्या अंगानं वर घेतल्या, घोट्याच्या वर पायजम्याला टिचबटणं लावून अडकवल्या, तिथून कमरेला. येवल्याचे काका, दोरीसाठी तुम्हाला वेगळा निरोप पाठवतो.

काल संध्याकाळी अण्णा व्हरांड्यात वीस वेळा इकडून तिकडे चालले. पाऊल हवेत असताना शून्य धरायचं जमलं, आकडा आता चढत नाही. आणि जे दिसलं ते असं: टाच टेकते, उचलते, करंगळीकडची बाजू जेमतेम हलते, आणि सगळा भार अंगठ्याच्या बुडाशी येऊन थांबतो. इतर जागांच्या जवळजवळ दुप्पट वेळ. जखम होती तीच जागा. अण्णा म्हणाले, "मागाचा दांडा ओढताना ह्याच पायावर जोर द्यायचो." तीस वर्षं मी त्यांना तसं उभं बघितलंय, आणि हे मला कधी सुचलं नाही.

तो आलेख घेऊन चप्पल बनवणाऱ्याकडे गेलो. त्यानं तेवढ्या जागेखालचं रबर खरवडून खोलगट केलं. आज सकाळी पुन्हा चालवलं. अंगठ्याचा भार उतरलाय, मधल्या चवड्यावर थोडा चढलाय. सिस्टर, हा मधला चढलेला भार काळजीचा आहे का? दोन्ही पायांचं तापमान आजपासून वहीत लिहितोय. आजचा सगळ्यात मोठा फरक ०.६.

ताई, रविवारी उजव्या पायाची फिल्म छापतो. कार्बनची शाई तोवर येईल. ती तापवून पक्की करायला भाजायची किती वेळ?

पायाची_सिस्टर_मिरज

मधल्या चवड्याची जागा रोज बोटानं दाबून आणि डोळ्यांनी बघा. कातडं जाड किंवा पिवळट व्हायला लागलं तर थांबू नका, चप्पल आणि आलेख दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. ०.६ ची काळजी नको. वही मात्र चुकवू नका. आईंना माझा नमस्कार सांगा.

कीपॅड_भोसरी

डब्यावर जे तापमान आणि जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढीच, अंदाजानं कमी नको. कच्ची राहिलेली शाई बोटाला लागत नाही, पण वाकवल्यावर सुटते. चांदी पूर्ण भाजून, गार करून, मगच वर कार्बन. आणि मित्राला एक सांगा: छपाईच्या आधी फिल्म एकदा कोरीच भाजून घ्यायची. नाहीतर ती पहिल्या भाजणीत आखडते आणि कार्बनचा थर चांदीच्या रेघेवर नीट बसत नाही, एक कड उघडी राहते. चांदी तिथूनच चालते.